ससा, सशाला आणि शशिकांत : शब्दांच्या शेवटांची पार्श्वभूमी

येवला-नांदगावकडच्या माळरानावरचा रानससा पाळीव पांढऱ्या सशाहून वेगळा. तो बीळ खोदत नाही, गवतात अंग चोरून बसतो. त्याचे शास्त्रीय नाव लेपस निग्रिकोलिस, म्हणजे काळ्या मानेचा. याच जातीतला उत्तरेकडचा, तांबूस शेपटीचा प्रकार तो रुफिकॉडेटस. जुन्या प्राणिग्रंथांत या दोघांची ढोबळ सीमा गोदावरी मानलेली आहे. लॅटिनमध्येही विशेषणाचा शेवट लिंगाप्रमाणे बदलतो. लेपस पुल्लिंगी, म्हणून रुफिकॉडेटस.

संस्कृत शश, म्हणजे ससा, प्राकृतात सस झाला. ही प्रक्रिया नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर दिसते. तिसऱ्या लेण्यातल्या लेखात 'सातवाहनकुलयसपतिथापनकरस' असा लांबलचक शब्द आहे. त्यात 'यश'चा 'यस' झालेला आहे आणि शेवटचा स हा षष्ठीचा, संस्कृत -स्य मधून आलेला. असाच षष्ठीचा शेवट झिजत मराठीच्या सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी बदललेल्या रूपात, उतरला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. घोडा-घोड्याला, तसे ससा-सस्याला. पुढे स आणि य मिळून श, म्हणून सशाला. मासा-माशाला, पैसा-पैशाला हेही तसेच. प्राकृतात हरवलेला श मराठीत असा वेगळ्या वाटेने परत आला.

खरा वाद मात्र 'शशी'चा: समासात तो ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ. चंद्रावरच्या डागात ससा दिसला म्हणून चंद्र शशिन्, ज्याच्यापाशी शश आहे तो. मराठी शुद्धलेखनाच्या 1962 च्या नियमांनी असे इन्-अन्त, म्हणजे संस्कृतात शेवटी 'इन्' असलेले, शब्द सुटे असताना दीर्घान्त ठरवले: शशी, पक्षी, विद्यार्थी. समासात पूर्वपदी आले की मात्र ऱ्हस्व: शशिकांत, पक्षिमित्र, विद्यार्थिगृह. नियम व्याकरणाला धरून आहे, पण तो पाळायचा तर मूळ संस्कृत शब्द ठाऊक हवा. 'नदी' मुळातच दीर्घ, म्हणून नदीकाठ. 'पक्षी'ला वेगळा न्याय. उच्चारात हा फरक बहुतेकांना ऐकूच येत नाही. शाळेत संस्कृत न घेतलेल्या मुलाने 'शशीकांत' लिहिले तर त्याचा गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. 'सशाला' कुणालाही शिकवावे लागत नाही; 'शशिकांत' आयुष्यभर पाठ करावे लागते. समासातही दीर्घ चालू द्यावे, ही मागणी म्हणूनच वाजवी आहे. 1972 मध्ये आणखी चार नियम आले, पण हे कलम तसेच राहिले. दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांत 'शशीकांत' सर्रास दिसते, आणि मुद्रितशोधक ते आजही ऱ्हस्व करतात.