राजी-राउटे भाषासमूह

तिबेटो-बर्मी भाषाकुळातील एक लहान उपगट. पश्चिम नेपाळ आणि त्याला लागून असलेला उत्तराखंडाचा पूर्व भाग हा त्याचा प्रदेश. राजी, राउटे आणि रावत (वनराजी) अशा तीन भाषा यात मोडतात. नेपाळच्या २०११ च्या जनगणनेत राजी समाजाचे ४,२३५ आणि राउटे समाजाचे ६१८ लोक होते. उत्तराखंडातील पिथोरागढ-चंपावत जिल्ह्यांकडील वनराजींची संख्या हजाराच्या आतच आहे. कुळातील या गटाची जागा अजून वादाची आहे. काही अभ्यासक त्याला मगर, खाम व चेपांग या नेपाळातील भाषांच्या जवळचा मानतात. शब्दसंग्रहात नेपाळी, कुमाऊँनी व हिंदी शब्दांची भर मोठी आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात वनराजींची बोली ‘जंगली’ या नावाने नोंदलेली आहे. शेजाऱ्यांनी ठेवलेले हे हिणकस नाव शास्त्रीय ग्रंथात तसेच उतरावे, हे खटकते.

भटके राउटे आपल्या भाषेला खामची म्हणतात. साधारण दीडशे माणसांचा हा समूह सुर्खेत, दैलेख, जाजरकोट या भागांतील जंगलांत मुक्काम हलवत राहतो. ते शेती करत नाहीत. पुरुष जाळी लावून माकडे व वानर पकडतात, बायका रानातले कंद आणि पालेभाजी गोळा करतात. लाकूड वाकसाने कोरून कटोरे, पेट्या करायच्या आणि गावात नेऊन धान्य घ्यायचे. कटोऱ्यात मावेल तेवढे धान्य हीच त्याची किंमत, असा जुना रिवाज. तळावर कुणी मेले की जागा सोडली जाते. स्वतःला ते वनाचे राजे मानतात. गावकऱ्यांशी ते नेपाळीत बोलतात, आपापसांत खामचीत. भाषा टिकली ती या अंतरामुळे, असे म्हणायला जागा आहे, कारण डडेलधुरा जिल्ह्यात स्थायिक झालेल्या राउट्यांमध्ये ती झपाट्याने मागे पडली आहे.

नेपाळातील राजींचा जुना व्यवसाय मासेमारी आणि मध गोळा करणे; आता बहुतेक जण शेतीकडे वळले आहेत. उत्तराखंडातील वनराजींबद्दल मूक व्यापाराच्या नोंदी आहेत: रात्री दाराशी लाकडी भांडे ठेवून जायचे आणि मोबदल्याचे धान्य नंतर उचलायचे, समोरासमोर यायचे नाही. त्याच समाजातले गगनसिंह रजवार २००२ आणि २००७ मध्ये धारचूला मतदारसंघातून अपक्ष आमदार म्हणून निवडून आले.

या भाषांना स्वतःची लिपी नाही. लिहायची वेळ आली तर देवनागरी वापरतात. लखनौ विद्यापीठातील कविता रस्तोगी यांनी भारताच्या बाजूच्या राजी भाषेच्या नोंदणीचे काम केले आहे.