ओंडका कुजायला दोनशे वर्षं

जंगलात पडलेलं झाड मेलेलं असतं, असं आपण धरून चालतो. ओरेगॉनमधल्या एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक जंगलात मात्र अशा झाडांवर दोनशे वर्षांचा प्रयोग चालू आहे. अमेरिकेच्या कॅस्केड डोंगररांगेतलं हे सुमारे ६,४०० हेक्टरांचं रान १९४८ पासून संशोधनासाठी राखलेलं आहे.

१९८५ साली मार्क हार्मन आणि सहकाऱ्यांनी इथे पाचशेहून अधिक ओंडके मांडून ठेवले. डग्लस फर, सीडर, हेमलॉक आणि सिल्व्हर फर, अशा चार जातींचे. ठरावीक वर्षांनी ओंडक्याची चकती कापायची, वजन करायचं, लाकूड किती उरलं ते पाहायचं. प्रयोग संपेल २१८५ मध्ये. ज्यांनी तो सुरू केला, त्यांच्या नातवंडांनाही बहुधा शेवट दिसणार नाही, आणि मला याच गोष्टीचं सगळ्यात अप्रूप वाटतं.

ओंडक्यात आधी शिरतात भुंगेरे. सालीखाली बोगदे खोदताना ते बुरशी सोबत घेऊन येतात. बोगद्यांच्या भिंतींवर ती वाढते आणि त्यांच्यातल्या काही जातींच्या अळ्या लाकूड नव्हे, ती बुरशीच खातात. भुंगेऱ्यांची ही शेतीच! मग इतर बुरश्या येतात, लाकूड मऊ पडतं, स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. वर शेवाळ चढतं आणि त्यात हेमलॉकची इवली रोपं मूळ धरतात. ओढ्यात पडलेला ओंडका पाणी अडवतो, डोह करतो, माशांना आसरा देतो. एके काळी ‘अडथळा’ म्हणून ओढ्यांतले ओंडके उपसून काढत. आता अनेक ठिकाणी ते मुद्दाम परत टाकतात.

कुजण्याची ही संथ गोष्ट नुसत्या तक्त्यांत मावत नाही. म्हणून २००३ पासून ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या पुढाकारानं लेखक-कवींना इथे राहायला बोलावतात. तेही ओंडक्यांपाशी जातात आणि जे दिसतं, सुचतं ते लिहितात. या नोंदीही दोनशे वर्षांच्या, २२०३ पर्यंतच्या. एका ओंडक्याची घटलेली घनता आणि त्याच ओंडक्यावरची कविता, दोन्ही पुढच्या पिढ्यांच्या हाती शेजारी-शेजारी पडणार.

ऑगस्ट २०२३ मध्ये वीज पडून लागलेल्या वणव्यानं या जंगलाचा बराच मोठा भाग होरपळला. त्यात मेलेली कित्येक झाडं वर्षानुवर्षं उभी राहतील, मग एकेक करून कोसळतील, आणि तिथेही बुरशी कामाला लागेल.