पिलाटस गोंडोला मार्ग

पिलाटस गोंडोला मार्ग : स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न शहरालगतच्या पिलाटस पर्वतावर नेणारा, क्रीन्स या गावातून सुटणारा रोपवे. पर्वताचे सर्वोच्च शिखर टॉमलिसहॉर्न २,१२८ मी. उंच आहे, प्रवासी त्याच्या जवळच्या पिलाटस कुल्म येथे, सुमारे २,०७० मी. उंचीवर उतरतात. आल्प्समध्ये याहून कितीतरी उंच जाणारे रोपवे आहेत. तरी लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हाच अधिक मानवतो, कारण चढण टप्प्याटप्प्याने होते आणि वाटेत उतरून रमता येते.

क्रीन्स ते फ्रेकम्युंटेग हा पहिला भाग साधारण अर्ध्या तासाचा. चौघांच्या केबिनी अखंड फिरणाऱ्या दोराला पकडीने धरलेल्या असतात. स्थानकात शिरताच पकड सुटते, केबिन दोरापासून अलग होऊन अगदी हळू सरकू लागते आणि तेवढ्यात माणसे चढतात-उतरतात. त्यामुळे एका केबिनमध्ये एकच कुटुंब निवांत बसते. खाली आधी घरे आणि कुरणे, मग गर्द जंगल; उन्हाळ्यात गाईंच्या गळ्यातल्या घंटा वरपर्यंत ऐकू येतात.

वाटेतल्या क्रीन्सरेग स्थानकाशी मुलांसाठी मोठे क्रीडांगण आहे. शिखर गाठण्याच्या घाईत बरेच पर्यटक येथे उतरतच नाहीत, हे खरोखर नुकसान आहे. फ्रेकम्युंटेगला (१,४१६ मी.) झाडांमध्ये बांधलेले दोरखंडांचे साहसी उद्यान आणि १,३५० मी. लांबीची उन्हाळी घसरगाडी आहे. घसरगाडीचा वेग बसणाऱ्यानेच दांड्याने आवरायचा असतो. हिवाळ्यात येथूनच बर्फावरच्या घसरगाड्या निघतात.

फ्रेकम्युंटेगहून पुढे ‘ड्रॅगन राइड’ ही २०१५ मध्ये सुरू झालेली मोठी केबिन खड्या कड्यालगत काही मिनिटांत कुल्मला पोचवते. ड्रॅगनचे नाव उगीच नाही. या पर्वतात पंखधारी नाग राहतात अशी पंचक्रोशीत समजूत होती, आणि त्यांच्यापैकी एकाने टाकला म्हणून सांगितला जाणारा दगड ल्युसर्नमध्ये आजही जपलेला आहे. येशूला क्रुसावर देणारा सुभेदार पंतय पिलात याचे प्रेत येथल्या तळ्यात आहे आणि डिवचल्यास तो वादळ उठवतो, हीसुद्धा जुनी भीती. तिच्यापायी ल्युसर्नच्या सत्ताधाऱ्यांनी पर्वतावर जाण्यास बंदी घातली. १३८७ मध्ये ती मोडणाऱ्या सहा धर्मगुरूंना कैद झाली. मुलांना या गोष्टी वाटेतच सांगाव्यात. कुल्मवर खडकात कोरलेली ‘ड्रॅगन वाट’ चालताना मग त्यांचे डोळे प्रत्येक कपारीत नाग शोधू लागतात.

क्रीन्सपेक्षा वर साधारण दहा अंशांनी गारवा अधिक असतो, तेव्हा ऐन जुलैतही स्वेटर जवळ हवा. उंची भराभर वाढत असल्याने कानात दडे बसतात. मुलांना चघळायला गोळी द्यावी, तान्ह्या बाळाला पाजावे. शिखर पुष्कळदा ढगात बुडालेले असते, म्हणून निघण्यापूर्वी वरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहणे शहाणपणाचे.

परतीला दुसरी वाट आहे. एदुआर्द लोखर यांच्या कल्पनेतून १८८९ मध्ये सुरू झालेली दातेरी रुळांची रेल्वे आल्पनाखस्टाडला उतरते. तिचा कमाल चढ ४८ टक्के असून जगात अशी दुसरी एवढी खडी रेल्वे नाही. आल्पनाखस्टाडहून ल्युसर्नला बोटीने तळ्यावरून किंवा आगगाडीने जाता येते. रेल्वे हिवाळ्यात बंद असते. त्या काळात जाणे-येणे क्रीन्सच्याच बाजूने होते.