दाढी, वर्दी आणि जाकीट: रशियनांना पडलेली नावं

युक्रेनमध्ये रशियन माणसाला हिणवायचा जुना शब्द म्हणजे ‘कात्साप’. युक्रेनी भाषेत ‘त्साप’ म्हणजे बोकड, म्हणून हा बोकडदाढ्या, असं लोक सर्रास सांगतात. कोसॅक, म्हणजे युक्रेनचे लढवय्ये, दाढी काढून मिशा राखायचे, डोक्यावर केसांची एक लांब बट सोडायचे. शेजारचा रशियन शेतकरी मात्र छातीपर्यंत दाढीवाला. झार पीटरने १७०५ मध्ये दाढीवर कर लावला तेव्हाही शेतकऱ्याला त्याच्या गावात सूट होती. शहरात शिरताना तेवढा पैसा मोजावा लागे. दुसरं मत असं, की मूळ शब्द अरबी-तुर्की ‘कस्साब’, म्हणजे आपल्याकडचा कसाबच. मला बोकडच जास्त पटतो, कारण रशियनांनी युक्रेनींना उलट ठेवलेलं नाव आहे ‘खोखोल’, म्हणजे सरळसरळ शेंडी. भांडण दोन्हीकडून केसांवरूनच.

‘मोस्काल’ची गोष्ट वेगळी. हा आधी नुसता मॉस्कोच्या राज्यातला माणूस. त्यात शिवी नव्हती. पुढे झारचं सैन्य गावोगाव तळ ठोकू लागलं आणि मोस्काल म्हणजे शिपाई झाला. तो कुठल्याही वंशाचा असो. पोराला ‘मोस्कालांत दिलं’ म्हणजे सैन्यात धाडलं, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ही नोकरी २५ वर्षांची होती. घरच्यांनी आशा सोडायचीच. कवी तारास शेवचेन्कोने १८३८ च्या ‘कातेरिना’त मुलींना बजावलं, प्रेम खुशाल करा, पण मोस्कालांवर नको. १८४७ मध्ये झारने त्यालाच सक्तीने शिपाई करून ओरेनबुर्गकडे पाठवलं, वर लिहायला आणि चित्रं काढायलाही बंदी.

इतर शेजाऱ्यांनी आपापल्या परीने नावं ठेवली. ईशान्य चीनमध्ये ‘लाओमाओत्झं’, म्हणजे केसाळ. फिनलंडमधला ‘रुस्स्या’ एकेकाळी साधा शब्द होता, विसाव्या शतकात तो कडवट झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांनी सरळ ‘इवान’ म्हटलं; समोरून जर्मनांसाठी ‘फ्रित्झ’ परत आलं.

‘वात्निक’ मात्र शेजाऱ्यांनी दिलेलं नाव नाही. वात्निक म्हणजे कापूस भरलेलं, उभ्या शिवणींचं जाकीट. सोव्हिएत काळात शिपाई, मजूर, कैदी सगळ्यांच्या अंगावर तेच. २०११ मध्ये अंतोन चाद्स्की या रशियन तरुणाने त्याचं व्यंगचित्र समाजमाध्यमावर टाकलं: करडा चौकोन, लाल नाक, सुजलेला काळानिळा डोळा. सरकारचं काहीही निमूट गिळणाऱ्या देशबांधवाची ती टिंगल होती. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला आणि शब्द युक्रेनमध्ये घरोघरी पोचला. तिथे आता रशियाधार्जिण्या युक्रेनी माणसालाही वात्निकच म्हणतात.