काटेकोरांटी की तालीमखाना?

पाऊस सरत आला की झाडवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा फोटो येतोच. हिरवंगार झुडूप, समोरासमोर पानं, बेचक्यात लांब काटे आणि खाली प्रश्न, ‘हे काय?’ निम्मे सांगतात काटेकोरांटी, निम्मे तालीमखाना. फूल नसेल तर गोंधळ व्हायचाच, दोन्ही अडुळशाच्याच कुळातली. मी मात्र आधी विचारतो, फोटो काढताना चप्पल चिखलात रुतली होती का?

काटेकोरांटी कोरड्या जमिनीची. नाशिकच्या पांडवलेणीसारखा टेकडीचा उतार, सिन्नरकडचे मुरमाड बांध, दगडी कुंपणाची कड तिला मानवते. ती बहुवर्षायू, बुंध्याशी लाकूड धरणारी. तालीमखाना पावसाबरोबर येतो आणि पाणी आटल्यावर वाळून जातो. तो शोधायचा गावतळ्याच्या काठाला, पाझराच्या चरीत, भातखाचरात, नाहीतर नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणथळ जागी. आता इगतपुरीला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस आणि सिन्नर-येवल्याकडे 500-600 च्या आसपास, पण म्हणून तालुक्यावरून झाड ठरवू नका. दुष्काळी गावातही पाझर तलावाखाली ओल असतेच.

तरी शंका राहिली तर खोड चिमटीत धरा (जपून). काटेकोरांटीचं गोल आणि गुळगुळीत लागतं, तालीमखान्याचं चौकोनी आणि लवदार. काटेकोरांटीच्या पानाच्या बगलेत तीन-चार बारीक, फिकट काटे एका बुडातून फुटतात आणि पानाचं टोकही टोचतं. तालीमखान्याचे काटे दांडगे, पिवळट. खोडाच्या प्रत्येक गाठीला साधारण सहा काट्यांचं कडं असतं आणि त्याच गाठीवर पानं नि फुलं दाटलेली.

फुलं आली की प्रश्नच मिटतो. काटेकोरांटी पिवळी-केशरी, वर चार पाकळ्या आणि खाली एकटी. तालीमखाना जांभळा-निळा, दोन ओठांचा. फक्त जांभळ्या रंगावर जाऊ नका, बिनकाट्याची जांभळी कोरांटीही बागांतून असते. बियांतही फरक आहे. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा तालीमखाना म्हणजे या पाणथळ झाडाच्या बिया, पाण्यात टाकल्या की बुळबुळीत होतात. काटेकोरांटीच्या चोचदार बोंडात दोनच बिया. तिची ओळख वज्रदंती म्हणून, दातदुखीवर पानं चावायची जुनी रीत आहे. औषध म्हणून काही घेणार असाल तर वैद्यांना विचारा, फोटोवरून नको.

लावायची झाली तर माझं मत काटेकोरांटीला. पावसाळ्यात फाटे खोचले तरी जगतात, कुंपण दाट होतं आणि एकदा रुजली की पाण्याची कटकट नाही. ती मरते लाडानेच. आपली काळी चिकण माती कुंडीत भरून रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात, त्यामुळे निम्मा मुरूम मिसळा आणि ऊन भरपूर द्या. उत्तर ऑस्ट्रेलियात हीच कोरांटी तण म्हणून डोकेदुखी झाली आहे, यावरून तिचा चिवटपणा कळावा. तालीमखान्याला मात्र घरी पाण्याचं टाकं किंवा ओलीची जागा असेल तरच हात घाला.

छाटणी फुलं ओसरल्यावर करा. पानं कुरतडलेली दिसली तर लगेच फवारा काढू नका. लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या या दोन्ही झाडांवर वाढतात.