महाविद्यालयातील मेकरस्पेस : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

मेकरस्पेस, म्हणजे थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर अशी यंत्रे वापरून स्वतः वस्तू बनवण्याची सामायिक कार्यशाळा, वापरण्यासाठी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असावे लागते का, हा प्रश्न कला, वाणिज्य, विधी, शिक्षणशास्त्र अशा शाखांतील विद्यार्थी वरचेवर विचारतात, आणि त्याहून कितीतरी जास्त विद्यार्थी तो न विचारताच दारातून परत फिरतात. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगावेसे वाटते की, जी मेकरस्पेस एखाद्या विभागाची खासगी प्रयोगशाळा नसून संपूर्ण संस्थेसाठी उघडलेली आहे, तिथे पात्रतेची मुख्य अट एकच असते, ती म्हणजे तुम्ही चालू शैक्षणिक वर्षात त्या संस्थेचे नोंदणीकृत विद्यार्थी असले पाहिजे. अर्जातील शाखेचा रकाना नोंदीसाठी असतो, निवडीसाठी नसतो.

या जागांचा उगमही हेच सांगतो. 1998 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तिथले प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ अशा नावाचा अभ्यासक्रम सुरू केला, तो मोजक्या संशोधक विद्यार्थ्यांना यंत्रे हाताळता यावीत म्हणून. प्रत्यक्षात त्या वर्गाला कलावंत आणि वास्तुरचनेचे विद्यार्थीही लोटले, कारण त्यांच्या मनात बनवायच्या वस्तू होत्या आणि त्या बनवण्याची साधने मात्र त्यांच्या विभागात नव्हती. पुढे जगभर पसरलेल्या फॅब लॅबची, म्हणजे कोणालाही वस्तू बनवता येतील अशा छोट्या कार्यशाळांची, कल्पना याच प्रयत्नांतून आकाराला आली.

कागदपत्रे फारशी लागत नाहीत. चालू वर्षाचे ओळखपत्र, ते अजून हाती आले नसल्यास संस्थेत शिकत असल्याचा दाखला, सही केलेले सुरक्षा हमीपत्र आणि अडीअडचणीला कळवण्यासाठी जवळच्या व्यक्तीचा संपर्क एवढे पुरते. अर्जदार सज्ञान नसेल तर पालकांचे संमतिपत्र बहुतेक ठिकाणी मागितले जाते. अर्धवेळ, देवाणघेवाण योजनेतील आणि दूरस्थ विद्यार्थ्यांसाठीचे नियम संस्थेनुसार बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्यांनी नियमावली पाहून घ्यावी. आरोग्याविषयीचा रकाना कोरा सोडू नये, ही मात्र आग्रहाची विनंती आहे. सोल्डरिंग (वितळलेल्या धातूने विद्युत भाग जोडणे) करताना निघणाऱ्या धुरामुळे दम्याचा त्रास वाढू शकतो आणि फिटचे झटके येणाऱ्या व्यक्तीला काही यंत्रांवर एकट्याने बसवणे धोक्याचे असते. ही माहिती अर्ज नाकारण्यासाठी नसून धूर ओढून घेणारा पंखा, सोबतीला माणूस किंवा बसून काम करता येईल अशा उंचीचे टेबल यांची सोय आधी करता यावी यासाठी विचारलेली असते.

अर्जातला खरा महत्त्वाचा भाग म्हणजे प्रकल्पाचे वर्णन, आणि अभियांत्रिकीबाहेरचे विद्यार्थी नेमके इथेच बिचकतात. ‘मॉडेल बनवायचे आहे’ एवढे लिहिलेला अर्ज हमखास स्पष्टीकरणासाठी परत येतो, कारण त्यावरून कोणते यंत्र, किती वेळ आणि कोणते साहित्य लागेल हे कोणालाच ठरवता येत नाही. याउलट शिक्षणशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीने असे लिहिले, ‘दृष्टिहीन मुलांना अक्षरओळख करून देण्यासाठी तळहाताएवढ्या ब्रेल पट्ट्या हव्या आहेत, त्या बोटाने वाचल्या जाणार असल्याने ठिपके गुळगुळीत असावेत, थ्रीडी प्रिंटर मी यापूर्वी वापरलेला नाही,’ तर यंत्राच्या नावाखेरीज तांत्रिक शब्द एकही न वापरता तिचा अर्ज उत्तम ठरतो. तो वाचताच प्रशिक्षकाच्या लक्षात येते की ब्रेलच्या ठिपक्याची उंची साधारण अर्धा मिलिमीटर आणि लगतच्या दोन ठिपक्यांच्या केंद्रांमधले अंतर साधारण अडीच मिलिमीटर असते. प्रिंटर एकावर एक थर रचत वस्तू बनवतो. त्याचा एक थर 0.2 मिलिमीटरचा धरला, तर पट्टी आडवी छापल्यावर प्रत्येक ठिपका जेमतेम दोन-तीन थरांत उभा राहील आणि बोटाला पायऱ्यांसारखा खरबरीत लागेल. तीच पट्टी उभी करून छापली की ठिपके बरेच नितळ येतात. यंत्राचे हे ज्ञान प्रशिक्षकाकडे असते, पण पट्टी कोणाच्या बोटाखाली जाणार आहे हे त्या विद्यार्थिनीलाच ठाऊक असते आणि अर्जात तेच यायला हवे. ‘पूर्वानुभव’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिण्यात काहीही कमीपणा नाही, उलट त्यावरूनच तुम्हाला प्राथमिक प्रशिक्षणाच्या तुकडीत घेतले जाते.

साहित्याचा रकानाही असाच नेमकेपणाने भरावा. लेझर किरणाने साहित्य कापणाऱ्या लेझर कटरवर अ‍ॅक्रिलिक, पुठ्ठा, पातळ प्लायवुड सहसा चालते, मात्र पीव्हीसी हे प्लास्टिक कधीच चालत नाही, कारण ते जळताना हायड्रोजन क्लोराइड हा वायू निघतो, जो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्राचे धातूचे भागही गंजवतो. वस्त्ररचनेचे किंवा नेपथ्याचे विद्यार्थी आणतात ते कृत्रिम चामडे बऱ्याचदा पीव्हीसीचेच असते. दिसायला ते निरुपद्रवी असल्याने फसगत होते. म्हणून ‘कापड’ किंवा ‘चामडे’ असे मोघम न लिहिता वेष्टनावर छापलेला घटक जसाच्या तसा उतरवावा, आणि वेष्टन उपलब्ध नसेल तर तसे सांगावे.

अर्ज मंजूर झाला म्हणजे यंत्र लगेच हाती मिळते असे नाही. आधी सर्वसाधारण सुरक्षा प्रशिक्षण आणि मग ज्या यंत्रावर काम करायचे आहे त्याचे वेगळे प्रशिक्षण, असा क्रम बहुतेक ठिकाणी पाळला जातो आणि दोन्हींची नोंद तुमच्या ओळखपत्रावर किंवा खात्यावर होते. हा टप्पा कोणालाही टाळता येत नाही आणि येऊही नये, मग अर्जदार यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला का असेना. पाय पूर्ण झाकणारी पादत्राणे घालणे, केस बांधणे, लोंबते दागिने काढून ठेवणे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावणे हे नियम बहुतेकांना अपेक्षित असतात. अनेकांना ठाऊक नसते ते असे की ड्रिलिंगसारख्या फिरत्या यंत्रावर हातमोजे घालायचे नसतात, कारण मोज्याचा धागा अडकला तर तो हातासकट आत ओढला जातो. तसेच लेझर कटर चालू असताना आग लागण्याचा संभव असल्याने त्याच्यापासून क्षणभरही दूर जायचे नसते.

प्रशिक्षण झाले की वेळ आरक्षित करून फाइल पाठवावी. थ्रीडी छपाईसाठी बहुधा एसटीएल आणि लेझरसाठी एसव्हीजी किंवा डीएक्सएफ स्वरूपातील फाइल मागितली जाते. एसटीएल फाइलमध्ये मोजमापाचे एकक साठवलेलेच नसते, त्यामुळे इंचांत काढलेली वस्तू मिलिमीटर समजून छापली गेली तर ती 25.4 पट लहान होते. हा घोळ टाळण्यासाठी फाइलसोबत वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची एककासह शब्दांत लिहून पाठवावी. छपाईला अनेक तास लागू शकतात, म्हणून सादरीकरणाच्या आदल्या दिवसाची वेळ मागू नये. पहिली प्रत बिघडेल असे धरूनच दिवस मोजावेत. वापराचे शुल्क आणि साहित्याचा खर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी असतात, तेव्हा एक माफ असली तरी दुसरी कोण भरणार हे विभागाकडून लेखी घ्यावे.

अर्ज परत आल्यास नकाराचे कारण वाचून त्याच अर्जात दुरुस्ती करता येते. बहुतेक वेळा कारण साहित्याचे किंवा अपुऱ्या वर्णनाचे असते, आणि त्यावर सर्वात सोपा उपाय म्हणजे कागदावर हाताने काढलेले चित्र मापांसह जोडणे. ते सुबक नसले तरी चालते. मंजुरी साधारणपणे चालू शैक्षणिक वर्षापुरती असते, पुढील वर्षी नवे ओळखपत्र आणि नव्याने सही केलेले हमीपत्र द्यावे लागते, आणि मध्ये बराच काळ एखादे यंत्र वापरलेले नसेल तर त्याचे प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागू शकते.