ट्रिप्टेजची चौकडी फोडणारं प्रतिपिंड

पावसाळा सरत आला की नागपुरात रिकाम्या प्लॉटवर, रिंगरोडच्या कडेला गाजरगवत पांढरं फुलतं. ज्यांना त्याच्या परागकणांची ॲलर्जी आहे त्यांना शिंका सुरू होतात, काहींचा दमा उसळतो. त्या वेळी श्वासनलिकेत जी रसायनं सांडतात त्यांत हिस्टामिनचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रिप्टेज या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दम्याच्या संशोधनातली गेल्या काही वर्षांतली सर्वांत देखणी कल्पना त्याच्याभोवतीच आकाराला आली, म्हणून तिची ही मागची गोष्ट.

सुरुवात होते ती जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांच्यापासून. १८७८ साली लाइपझिग विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधात त्यांनी ॲनिलिन रंगांनी ऊतींमधल्या कणांनी गच्च भरलेल्या पेशी दाखवल्या. याच मास्ट पेशी, ॲलर्जीत ही रसायनं सांडणाऱ्या. त्यांच्या कणांत हिस्टामिन असतं हे १९५०च्या दशकात कळलं. १९८१ मध्ये श्वार्ट्झ, लुईस आणि ऑस्टेन यांनी माणसाच्या फुप्फुसातल्या मास्ट पेशींमधून ट्रिप्टेज शुद्ध करून वेगळं काढलं. आज तीव्र ॲलर्जीचा झटका आला होता की नाही, हे ठरवायला डॉक्टर रक्तातलं ट्रिप्टेज मोजतात. नमुना झटक्यानंतर काही तासांतच घ्यावा लागतो, कारण पातळी लवकर खाली येते.

पण या एन्झाइमला आवरणार कसं? शरीरात प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना लगाम घालणारी प्रथिनं रक्तातच असतात. ट्रिप्टेज त्यांना दाद देत नाही. याचं कारण १९९८ मध्ये दिसलं. परेरा आणि सहकाऱ्यांनी त्याची स्फटिकरचना, म्हणजे रेणूतल्या अणूंची नेमकी मांडणी, ‘नेचर’मध्ये छापली. चार सारखे घटक कड्यासारखे एकमेकांना धरून बसलेले, आणि चारही क्रियाशील जागा, म्हणजे जिथे प्रथिनं तुटतात त्या, आतल्या पोकळीकडे तोंड करून. पोकळी इतकी अरुंद की मोठं प्रथिन आत शिरूच शकत नाही. वर मास्ट पेशीतलंच हेपरिन, साखरेच्या लांब साखळीचा रेणू, या कड्याला बांधून ठेवतं. प्रोटीन डेटा बँकेत ‘१ए०एल’ या क्रमांकाखाली ही रचना फुकट उघडता येते. नागपुरातल्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती स्क्रीनवर एकदा तरी फिरवून पाहावी, असं मला मनापासून वाटतं. मधल्या भोकातून आरपार पाहिलं की अडचण न सांगता कळते.

जळूपासून मिळालेलं एक छोटं प्रथिन आत पोहोचतं, पण तेही चारांपैकी दोनच जागा अडवतं. मग औषध म्हणून वापरायच्या प्रतिपिंडाची (अँटिबॉडीची) काय कथा? ते तर कितीतरी मोठं.

उत्तर निघालं ते दार सोडून भिंतीकडे वळल्यावर. २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात जेनेनटेक या अमेरिकी औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी असं प्रतिपिंड मांडलं, जे क्रियाशील जागेला हात लावत नाही. ते बाहेरून चिकटतं, घटकांची एकमेकांवरची पकड सैल करतं आणि चौकडीच फुटते. सुटा झालेला घटक निष्क्रिय असतो. पुढच्याच वर्षी अशाच एका प्रतिपिंडाची रचना समोर आली, आणि तो तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. प्रतिपिंडाचा एकच हात तोडून वापरला तर हेपरिनच्या उपस्थितीत जवळजवळ काहीच होत नाही. दोन हात आणि त्यांच्यामधली लवचिक बिजागरी असेल तरच एन्झाइम पूर्ण थांबतं. पक्कडीसारखं दोन्ही बाजूंनी धरून ओढल्याशिवाय कडं उघडत नाही. प्रतिपिंडाचे दोन हात पकड घट्ट करतात हे जुनंच ज्ञान. कामासाठी दोन्ही हात अनिवार्य असल्याचं मात्र तोवर कुणी नोंदवलं नव्हतं.

‘सेल’मधल्याच लेखात आणखी एक धागा होता: सक्रिय ट्रिप्टेजच्या जनुकप्रती ज्यांच्यात जास्त, त्या दमेकऱ्यांना ओमॅलिझुमॅब या, आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड रोखणाऱ्या, औषधाचा फायदा कमी. म्हणजे ट्रिप्टेज रोखणाऱ्या औषधाची गरज नेमकी कुणाला, याचाही अंदाज होता.

पुढची पायरी अवघड निघाली. मध्यम ते तीव्र दम्याच्या रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ट्रिप्टेजविरोधी प्रतिपिंडाच्या औषधाला ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. श्वासनलिकेतलं ट्रिप्टेज पुरेसं दबवायला दिलेल्यापेक्षा मोठा डोस लागेल, असं तिथल्या नमुन्यांवरून दिसलं.